मुकं चाक

१

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत ज्योतीची पत्र्याची शेड होती. गाड्यांची अलॉय चाकं तिथं नवी करून मिळत. कामाला कधी तोटा नसे, कारण आपल्याकडे रस्ते आहेत. टोलनाक्यावर रांगेत उभं राहून पैसे भरायचे आणि दोन कोस पुढं जाऊन खड्ड्यात चाक घालायचं, ही आता रीतच पडली आहे. ठेकेदार पावसाआधी बिल काढतो, पावसानंतर त्याच खड्ड्याचं टेंडर भरतो. मधल्या मध्ये चाक वाकतं, चिरतं, आणि त्याचा मालक सगळ्या खात्यांना शिव्या घालत अवधानला येतो.

सकाळी शेडवरचा जुना कामगार चिंधा नाना शटर वर करायचा, झाडू मारायचा, भट्टीच्या दाराला हात लावून तो हात कपाळाला लावायचा आणि टायर उतरवायला बसायचा. मग ज्योती यायची. साडीवर जुना शर्ट चढवून, डोक्याला फडकं बांधून ती एकेक चाक साखळीच्या आकड्याला टांगायची आणि आईच्या धुण्याच्या मोगरीनं त्याच्या काठावर हलकेच मारायची. बाजारात माठ घेताना बाई टिचकी मारून बघते ना, तसंच. धड चाक ठणकन वाजतं आणि बराच वेळ गुणगुणत राहतं. चिरलेलं चाक नुसतं 'थप' म्हणतं, मग डोळ्यांना तडा दिसो की न दिसो. त्याला ती मुकं चाक म्हणायची.

मुकं चाक रंगवायचं नाही, हा तिचा नियम. तडा वेल्डिंगनं भरला, वरून रंगाची पावडर मारली आणि भाजून काढलं, की असलं चाक ब्रह्मदेवालाही ओळखू येत नाही.

"ताई, द्या की वेल्डिंग मारून," गिऱ्हाईक म्हणायचं. "सगळीकडं देतात."

"मग सगळीकडं जा. इथं कशाला आलात?"

"एवढं कडक वागून धंदा होतो का?"

"माझा भाऊ रस्त्यावर असतो," ती म्हणायची आणि विषय तिथंच संपायचा.

नवल तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो तिच्या कडेवर होता, ती स्वतः परकराच्या वयाची. तिनंच त्याला वाढवला, शाळेत घातला, गाडी शिकायला पाठवलं. आता तो पिंपळनेरहून भाड्याची गाडी चालवायचा. दिवस उगवला की रस्त्यावर. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक चाक आज ना उद्या नवलच्या समोरून किंवा शेजारून जाणार, असा तिचा साधा हिशेब होता.

मुक्या चाकाच्या आरीच्या, म्हणजे मधल्या दांडीच्या, मागच्या अंगाला ती छिन्नीनं फुली कोरायची आणि चाक भिंतीशी ठेवायची. कापायचं काम मात्र नवऱ्याचं, अमृतचं. तिच्या माहेरी रीत होती: ज्या हातानं बैलाला चारा घातला, त्या हातानं त्याला बाजारात न्यायचं नाही. तिनं धुतलेलं, टांगलेलं, वाजवलेलं चाक तिला कटरखाली घालवत नसे. अमृत रविवारी येऊन चाकं कापायचा आणि तुकडे भंगारात द्यायचा. रविवारी ती शेडवर नसायचीच. पारोळ्याकडच्या गावी तिची सासू सुंदरबाई अंथरुणाला खिळलेली होती. तिला आंघोळ घालायला, तिचं डोकं धुवायला ज्योती दर रविवारी जायची. सोमवारी येऊन बघावं तर भिंत मोकळी. मोकळी भिंत बघून तिला बरं वाटायचं.

२

पावडर मारलेलं चाक भट्टीत जाईपर्यंत फार नाजूक असतं. फवाऱ्याच्या गनमधून उडालेली पावडर विजेच्या ओढीनं त्याला नुसती चिकटलेली असते, उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखी. बोट लागलं तर ठसा पडतो आणि भट्टीच्या आचेत तो कायमचा भाजून निघतो. म्हणून भट्टीतून निघालेल्या एका चाकावर तिला ठसा दिसला, तेव्हा ती घाबरली नाही. चिडली.

"नाना, हात कोणी लावला याला?"

"कोठे?"

"हे काय! कोळशाचा रंग आहे हा, एकदा डागला की सगळं उतरवावं लागतं. किती वेळा सांगायचं, हुकला धरून उचला म्हणून?"

चिंधा नाना चष्मा पुसत आला. त्यानं चाकात वाकून पाहिलं आणि आपले दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले. आयुष्यभर टायर ओढून त्याची बोटं केळीच्या घडासारखी झाली होती.

"हाई देख माय. या हातनी बोटं तठे मावतीन का?"

मावली नसती. ठसा बारीक बोटांचा होता. चार लांब बोटं, आणि मनगटाच्या जागी एकावर एक कोरलेल्या बारीक वाकड्या रेघा. बांगड्यांच्या. ज्योती कामाच्या वेळी हातात काही घालत नसे.

"एखादी पोर उनी व्हई गिऱ्हाईकसंगे," चिंधा म्हणाला.

"आली असेल."

त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आत आलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं नानाला सांगितली नाही. चाक उचलणाऱ्याची बोटं काठावरून आत वळतात. ही बोटं आतून काठाकडे आली होती. आऱ्यांच्या मागं कुणी बसलं असावं आणि बाहेर निघायला त्यानं काठ धरला असावा, तशी.

३

दुसऱ्या दिवशी तिनं ते चाक वाळूच्या माऱ्याखाली धरून उघडं केलं. रंग गेला, ठसा गेला, पांढरा धातू वर आला. तिनं ते टांगून पुन्हा वाजवलं. ठणकन वाजलं. फुलीचा प्रश्नच नव्हता, चाक धड होतं. हातमोजे घालून तिनं एकटीनं पावडर मारली, एकटीनं हुकला धरून भट्टीत टांगलं आणि दार लावलं. नानाला मुद्दाम चहा आणायला पाठवलं होतं.

दुपारची वेळ. समोरच्या रस्त्यानं कपाशीच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. शेडमध्ये भट्टीच्या पंख्याची घरघर तेवढी. तिनं पुढचं चाक आकड्याला टांगलं आणि मोगरी मारली.

ठण्ण्.

नाद विरत आला आणि भट्टीतून आवाज आला. थप.

पत्रा तापला की बोलतो. रोज बोलतो. पण तापता पत्रा 'टण' म्हणतो, 'कट' म्हणतो. हा आवाज तिच्या कानाच्या ओळखीचा होता. तो ऐकला की तिचा हात आपोआप छिन्नीकडे जायचा.

तिनं पुन्हा मोगरी मारली. ठण्ण्. भट्टीतून, थप.

दोनदा मारली. दोनदा आलं.

मोगरी खाली ठेवून ती उभी राहिली. आपण शहाण्या आहोत, धातूचं काम करतो. एकाच वजनाची दोन भांडी जवळ ठेवली तर एक वाजवल्यावर दुसरंही थरथरतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. आतल्या चाकाला बाहेरच्या चाकाचा नाद लागतो, संपलं. तिला हे पटलं. पटता पटता भट्टीतून पुन्हा आवाज आला. या वेळी तिनं काही वाजवलं नव्हतं.

थप.

नाना चहा घेऊन आला तेव्हा ती शेडच्या बाहेर उन्हात उभी होती.

"आठे काबर उभी, माय?"

"आत उकडतंय."

वेळ भरल्यावर तिनं भट्टी उघडली. चाक एकटंच आकड्यावर होतं, जराही हलत नव्हतं. बांगड्यांचा हात त्याच जागी होता. त्याच्या शेजारी आता दुसरा, अगदी लहान हात. त्याची बोटं काठापर्यंत पोचली नव्हती.

४

अमृत जळगावहून आला तेव्हा तिनं चाक त्याच्यापुढं ठेवलं. अमृत बोलका माणूस. गिऱ्हाईक आणायचं, माल पोचवायचा, चार लोकांत नाव राखायचं, ही कामं त्याची. लोक म्हणायचे, ज्योतीचा हात आणि अमृतची जीभ, शेड चालणारच.

त्यानं वाकून ठसे बघितले.

"ओतीव धातू आहे," शेवटी तीच म्हणाली. "बारीक छिद्रांत जुनं तेल मुरलेलं असतं. तापलं की वर येतं. कुणीतरी कधीतरी हात लावला असेल, त्या हाताचं तेल."

"तेच तर!" तो लगेच म्हणाला. "तेलच आहे. घाम फुटतो धातूला." मग चाक फिरवत त्यानं सहज विचारलं, "मागं फुली नाही ना याला?"

"फुली कशी असेल? फुलीचं चाक मी रंगवते का?"

"तसं नव्हे गं. आपलं विचारलं."

"विचारायचं कारण?"

"तू पण ना! पोलीस खात्यात जायला पाहिजे होतंस." तो हसला. खिशातली किल्ली काढून त्यानं लहान हातावरून खसाखसा ओढली. रंगाला चरे पडले, ठसा तसाच राहिला. "काळा मार यावर. काळ्यात काही दिसत नाही. आणि कुणाजवळ बोलू नको, गिऱ्हाईक तुटतं." दारापर्यंत जाऊन तो वळला. "रविवारी आईकडे जाणार आहेस ना? वाट बघते ती तुझी."

"आजवर कधी चुकवलाय का रविवार?"

"नाही, म्हणून तर म्हणतो. तुझ्यासारखी सून शोधून मिळायची नाही."

ज्योतीला ते ऐकून बरं वाटलं. या गोष्टीत नंतर जे जे तिला आठवलं, त्यात आपल्याला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेच तिला सर्वांत जास्त टोचलं.

५

रविवारी ती गावी गेली. सासूचं डोकं धुतलं, नखं काढली, उन्हात बसवून केस वाळवले. सोमवारी तयार चाकांचा एक संच पारोळा रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला द्यायचा होता. टेम्पो नाना चालवत होता. वाटेत एका पोलीस ठाण्याच्या आवारात चेंबटलेली गाडी पडलेली तिला दिसली. असल्या गाड्या ठाण्यांच्या आवारात नेहमीच पडलेल्या असतात, त्यांच्यातून बाभळी उगवेपर्यंत पडून असतात. पण या गाडीच्या उरलेल्या चाकांचा रंग कोळशाचा होता.

"नाना, थांबवा."

पुढचं उजवं चाक जागेवर नव्हतं. ते गाडीच्या टपावर ठेवलं होतं, दोन तुकड्यांत. ज्योतीनं एक तुकडा उचलला. तडा गेला होता तिथं वेल्डिंगची जाड वळी होती. त्या वळीवर तिच्या भट्टीचा रंग होता. स्वतःच्या हातची शिवण जशी बाईला ओळखू येते, तसा तिला तिचा रंग ओळखू येत होता. तिनं आरीच्या मागं बोट फिरवलं. रंगाच्या खाली, बुजत आलेली, पण बोटाला लागणारी फुली.

हवालदार सावलीत खुर्ची टाकून बसला होता. "ओ बाई, काय पाहिजे? तुमच्या नात्यातलं होतं का कोणी?"

"कोण होतं गाडीत?"

"मायलेकी. शनिवारची गोष्ट. बाई स्वतः चालवत होती, पोरगी शेजारी."

"बाईच्या हातात बांगड्या होत्या?"

हवालदारानं तिच्याकडे नीट पाहिलं. "लग्नाला निघाल्या होत्या. कोपरापर्यंत चुडा भरलेला. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कसा झाला अपघात?"

"चालकाचं नियंत्रण सुटलं. लिहून झालंय."

लिहून झालंय! आपल्याकडे हे वाक्य छापील असल्यासारखं तयारच असतं. रस्ता सुटतो, ठेकेदार सुटतो, चाक विकणारा सुटतो, आणि नियंत्रण मात्र जो मेला त्याचं सुटतं. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही, याच्याइतकी सोय दुसरी कोणती?

"साहेब, हे चाक आधीच फुटलेलं होतं," ज्योती म्हणाली.

"असं? तुम्हाला कसं माहीत?"

तिनं तोंड उघडलं. पुढच्या वाक्यात अमृतचं नाव येणार होतं. तिनं तुकडा टपावर ठेवला आणि ती टेम्पोकडे चालू लागली. शनिवार. ठसे त्याच्या आधी आले होते. मायलेकी गाडीत बसल्याही नव्हत्या, तेव्हा त्यांचे हात तिच्या भट्टीत उमटले होते.

६

"नाना, रविवारी शेड कोण उघडतं?"

चिंधानं गिअर बदलला. रस्त्यावरची नजर काढली नाही. "माले इचारू नको, माय."

"तुम्हीसुद्धा?"

"मी रविवारले येत नही. आईनी शपथ. पन सोमवारले सकाळे भट्टी गरम ऱ्हास."

भट्टीच्या दाराला हात लावून नमस्कार करणारा हा माणूस. दर सोमवारी त्याच्या हाताला ते दार गरम लागत होतं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"नवरा-बायकोना मझार कोन बोली?"

अवधान आलं. शेड उघडली. भिंत मोकळी होती, नेहमीसारखी स्वच्छ, मोकळी. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही कापलेला तुकडा पाहिला नव्हता, कटरखाली पडलेला भुसा पाहिला नव्हता. पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. ज्या माणसाच्या आईच्या पाठीला आपण साबण लावतो, तो आपल्याच पाठीमागं आपलीच भट्टी पेटवत असेल, हे कुणाला सुचतं?

निघण्याआधी तिनं भट्टीत एक चाक भाजायला ठेवलं होतं. वेळ भरल्यावर भट्टी आपली आपण थांबली होती. तिनं दार उघडलं.

या वेळी हात पुरुषाचा होता. उजवा. रुंद पंजा, बोटं काठाला घट्ट. अंगठ्याकडून मोजत आलं तर चौथं बोट अर्धंच होतं.

कडबाकुट्टीत गेलेलं ते बोट तिनं स्वतः परकर फाडून बांधलं होतं. नवलला कडेवर घेऊन ती दवाखान्यापर्यंत पळत गेली होती.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला, तोंडात घास होता.

"बोल अक्का."

"कुठं आहेस?"

"नेरले. टपरीवर नाश्ता करी ऱ्हायनू. काबर?"

"गाडी सुरू करू नको. ऐकतोयस? किल्ली काढून खिशात ठेव. मी येतेय."

"पन व्हयनं काय?"

"माझी शपथ आहे तुला. गाडीला हात लावू नको."

७

साक्री रस्त्यावर नेरच्या टपरीपुढं नवल बाकड्यावर बसलेला होता. भज्यांचा कागद पुढं, चहा अर्धा. तो धड होता, हसत होता. ज्योतीनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि अर्ध्या बोटावरून अंगठा फिरवत राहिली.

"इतली काबर घाबरनी? कोन मरनं का?"

"तुझी गाडी कुठंय?"

"घर शे. हाई दाजीनी दिधी, साक्रीना एक मास्तरले पोचाडानी शे." त्यानं मागं बोट दाखवलं.

चंदेरी गाडी. जुनी, पण धुऊनपुसून लख्ख केलेली. कोळशाच्या रंगाची चार चाकं उन्हात चमकत होती. ज्योती उकिडवी बसली. पुढच्या उजव्या चाकाच्या आऱ्यांमधून तिनं हात आत घातला आणि मागचं अंग चाचपलं. पहिली आरी गुळगुळीत. दुसरी गुळगुळीत. तिसरीच्या मागं, रंगाच्या खाली, फुली.

हात बाहेर काढताना तिला उगाचच वाटलं की आत आणखी काहीतरी कोमट होतं. उन्हात धातू तापतो. गाडी कधीची उभी होती.

"नवल, हे चाक फुटकं आहे. तुझ्या दाजींनी फुटकं चाक रंगवून लावलंय. ते रविवारी माझ्याच भट्टीत..."

ती थांबली. नवलच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. त्यानं 'काय?' म्हटलं नव्हतं. 'कुणी?' म्हटलं नव्हतं. तो चहाच्या ग्लासात बघत होता.

"तुले कोन सांगं?" त्यानं हळूच विचारलं.

टपरीवाल्यानं भज्यांचा घाणा तेलात सोडला. ज्योतीला तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"तुला माहीत होतं."

"अक्का..."

"रविवारी भट्टीवर तू असतोस?"

"दाजी एकला कसा उचली इतली चाकं?" तो म्हणाला, जणू एवढंच काय ते तिला समजायचं राहिलं होतं. "आनि आते माले ठाऊक शे म्हनीसनच मी हळूहळू चालाडत उनू. तू काळजी करू नको. मना गाडीले मी आसं चाक कधी लावसू का? येडा शे का मी?"

मना गाडीले. ज्या भावासाठी तिनं गिऱ्हाईकं परत पाठवली, ज्याचं नाव पुढं करून ती जगाशी भांडली, त्याला मुकं आणि धड यातला फरक तिच्याइतकाच कळत होता. तो फरक त्यानं स्वतःपुरता वापरला होता. पारोळा रस्त्यावरच्या मायलेकींना तो कळायचं कारण नव्हतं. साक्रीच्या मास्तरलाही नाही.

मग तिला वाटलं, चला, निदान ठशाचा उलगडा झाला. रविवारी हा शेडमध्ये असतो, याचाच हात लागला असेल. तिला जवळजवळ हसू आलं. आणि लगेच आठवलं, ते चाक तिनं आज सकाळी स्वतः उघडं केलं होतं, स्वतः रंगवलं होतं. नवल तेव्हा शेडकडे फिरकलाही नव्हता.

"गाडी इथंच राहील," ती म्हणाली. "किल्ली दे. चाक उतरवू आणि सरळ ठाण्यात जाऊ. तू माझ्यासोबत येशील, जे आहे ते सांगशील. ऐक माझं. यात तुझा जीव आहे."

नवलनं फोन काढला, अमृतला लावला आणि अक्का काय म्हणते ते सांगितलं. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"तिथं आहे का ती?" अमृत म्हणाला. "ठाण्यात जायचं म्हणते? नवल, गाडी तिथं ठेवू नको. आडरस्त्यानं दोंडाईच्याला ने, माझ्या माणसाकडं. चाकं तो बघून घेईल. आत्ता निघ."

"अहो, फुटकं आहे ते!" ज्योती फोनवर ओरडली. "माझा भाऊ जाणार आहे त्या गाडीत!"

मग अमृत बोलला, पण तिच्याशी नाही. "तिला समजावून सांग रे. आईकडं जायचं असतं तिला, घर आहे, शेड आहे. सगळं जाईल म्हणावं. आणि चालतं ते चाक, एवढी चालतात तर."

नवल गाडीत बसला. ज्योतीनं दार धरलं. नाना मागं येऊन उभा राहिला, पण तो मधे पडला नाही. मधे न पडायची त्याला सवयच होती.

"उतर नवल."

"अक्का, दाजी आत जाई, आनि मी बी. तुले तेच पाहिजे का?" त्याचे डोळे भरले होते. "मी तुना भाऊ शे ना?"

तिला हो म्हणायचं होतं. हो, तेच पाहिजे, आत जा, जिवंत राहा. तेवढे चार शब्द. पण तुरुंगाच्या गजामागं त्याचा चेहरा तिला दिसला, तो लहान होता, आणि तिची बोटं दारावरून सुटली. सुटली की तिनं सोडली, हे तिला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

गाडी टपरीसमोरून वळली. नवलनं उजवा हात खिडकीबाहेर काढून हलवला, शाळेच्या वाटेवर वळून हलवायचा तसा. ती त्या हाताकडेच बघत होती, म्हणून खाली बघायला तिला उशीर झाला.

चाक वेगात आलं की आऱ्या दिसेनाशा होतात. कोळशाच्या रंगाची एक थाळी तेवढी दिसते. त्या थाळीत एक गोष्ट फिरत नव्हती. काठाला आतून बोटांनी धरलं होतं. चाक त्यांच्याखालून सरकत जात होतं आणि बोटं जागच्या जागी घट्ट होती, एक अर्धं. सांधे जोर लावून पांढरे पडले होते.

वर खिडकीत हात अजून हलत होता.